न आलेल्यांचं वय

दोन-दोन पायऱ्या एकदम चढत ती तरुण डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खाली वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर तिने एका आजोबांचे रिपोर्ट पाहिले होते. पोटॅशियम नऊ. एवढं पोटॅशियम चढलेल्या माणसाचं हृदय कुठल्या क्षणी थांबेल, सांगता येत नाही. आणि खाली शेरा काय, तर ‘प्रकृती उत्तम, उद्या घरी सोडावे’. खाट तिसऱ्या मजल्यावरची. पण मजल्यावर त्या नंबरची खाटच नव्हती. खाटा संपल्या की भिंत होती, भिंतीला एक दार होतं, आणि दाराआडच्या लहानशा खोलीत एक माणूस चहात बिस्कीट बुडवत बसला होता.

“चोपन्न नंबरचे आजोबा कुठे आहेत?” तिने धापा टाकत विचारलं.

बिस्कीट चहात पडलं. “ते... ते आजोबा नाहीत.”

तिने दाराची चौकट धरली. “गेले?”

“नाही, नाही! गेले कसे असतील? जायला आधी यावं लागतं ना... ते जन्मलेच नाहीत अजून. मी बनवलेत.” त्याने समोरच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. “म्हणजे सॉफ्टवेअरने.”

तिच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ रागही आला. “मग तसं त्यांच्या कपाळावर लिहा की! मी जिना धावत आले. आणि एवढं पोटॅशियम असताना उद्या घरी सोडताय त्यांना?”

“किती हवं?”

“मला विचारताय? माणसं तुम्ही बनवता.”

“बनवतो,” तो ओशाळून म्हणाला, “पण बरी करता येत नाहीत.”

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की तिच्या ओठांवर आलेलं पुढचं वाक्य तिथेच विरलं. त्याने कपाटातून दुसरा कप काढला, पुसला, आणि न विचारता तिच्यासाठी चहा ओतला. तीही न बोलता प्यायली, कारण धावून घसा कोरडा पडला होता.

झालं होतं असं. हॉस्पिटलचा सगळा कारभार नव्या कॉम्प्युटर यंत्रणेवर जायचा होता. नव्या डॉक्टरांना, नर्सना तिच्यावर हात बसवायचा तर सरावाला पेशंट हवेत. पण खऱ्या माणसाचं दुखणं ही त्याची खाजगी गोष्ट. ती शिकाऊ मंडळींसमोर कशी पसरायची? म्हणून हे सॉफ्टवेअर. त्यातून खोटे पेशंट जन्माला यायचे, त्यांना लसी टोचल्या जायच्या, हाडं मोडायची, मधुमेह व्हायचा, म्हातारपण यायचं आणि शेवटी मरणही. ज्याच्या हातून हे चालायचं त्याला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी नाव ठेवलं होतं ‘विधाते’. नव्या लोकांना ते त्याचं आडनाव वाटायचं. कुणीतरी तशी पाटीही दारावर चिकटवली, आणि त्यानेही ती काढली नाही.

सरावाचे पेशंट खऱ्या वॉर्डात घुसले, ही चूक मात्र त्याचीच होती. त्याच दुपारी तो मोठ्या सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि आपण होऊन सगळं सांगून बसला. सरांनी त्याची खरडपट्टी काढली आणि फर्मान काढलं, की यापुढे प्रत्येक पेशंट एखाद्या डॉक्टरने वाचल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. कोण वाचणार? जिने पकडलं, तिनेच. त्या विभागात दोन डॉक्टर होत्या. ही वयाने लहान, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला ‘धाकट्या डॉक्टर’ म्हणायचं. अशा रीतीने धाकट्या डॉक्टरांची रोजची दुपार विधात्यांच्या खोलीत जाऊ लागली.

खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक डुगडुगायची. पहिल्या दिवशी ती तिच्या वाट्याला आली. दुसऱ्या दिवशी तो आधीच डुगडुगत बसला होता. तिने पाहिलं, आणि चांगल्या खुर्चीत बसताना तिला उगीचच बरं वाटलं.

“तुमचे पेशंट फार गुणी आहेत,” एकदा वाचता वाचता ती म्हणाली.

“थँक यू.”

“कौतुक नाही करत. बघा ना, पंधरा दिवसांनी या म्हटलं की हे पंधराव्या दिवशी हजर. गोळ्या वेळेवर. रक्त तपासायला उपाशीपोटी. असं कुठे असतं का? माझे निम्मे पेशंट दिलेल्या तारखेला येतच नाहीत.”

“का येत नाहीत?”

“का म्हणजे... हजार कारणं.”

तो खुर्चीसकट तिच्याकडे वळला. “सांगा.”

मग त्यांना नादच लागला. ती दिवसभर ओपीडीत उशिरा आलेल्यांना कारणं विचारायची आणि दुपारी विधात्यांना सांगायची. कुणाकडे पाहुणे आले होते. कुणाची बस चुकली होती. एका काकांना बरं वाटू लागलं होतं, म्हणून आले नाहीत, आणि एका मावशींना फारच बरं वाटेना, म्हणून आल्या नाहीत. एकीने तर सांगितलं, मागच्या वेळी डॉक्टर ओरडल्या होत्या. “कोण डॉक्टर?” विधात्यांनी विचारलं. “मीच,” ती म्हणाली. तो इतका हसला की डुगडुगत्या खुर्चीवरून पडता पडता वाचला.

“आणि हे सगळे एकटेच कसे येतात हो?” तिने पुढची खोट काढली. “दवाखान्यात माणूस एकटं येतं का? आई असते, नवरा असतो, शेजारीण असते. ‘सोबत कोण’ असा रकाना हवा.”

त्याने तो केला. घरातल्या माणसांना एकमेकांशी जोडलं. आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, शेजारी, आणि शेवटी ‘इतर’.

“इतर म्हणजे कोण?”

“यांच्यापैकी कुणी नसेल तर...”

“इतर कुणी कुणाला दवाखान्यात नेत नसतं, विधाते. जो नेतो तो कुणीतरी असतोच.”

“तुमच्या सोबत कोण येतं?” त्याने सहज विचारलं.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. “काही जण,” ती म्हणाली, “निघतात बरं का घरून. बसने दवाखान्याच्या दारापर्यंत जातात. तिथे थोडा वेळ उभे राहतात. आणि समोरून भाजी घेऊन परत येतात.”

“हे कोणी सांगितलं?”

“होती एक,” ती म्हणाली आणि घड्याळ बघत उठली.

आता विधात्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ती भाजी तिनेच आणली होती. अंघोळ करताना तिच्या डाव्या छातीत एक गाठ हाताला लागली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथे तिने सोनोग्राफी करून घेतली. गाठीत सुई घालून तपासावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि तारीख दिली. ती तारीख गेली. दुसरी घेतली, तीही गेली. घरी बाबा होते. आईलाही अशीच गाठ होती, आणि ‘एवढी कामं उरकू देत, मग बघू’ म्हणत आईने ती लपवली होती. कामं उरकली नाहीत, आईच उरकली. तेव्हा ही डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज पुस्तकात तेच वाचत होती, आणि घरातल्या घरात आपल्या आईचं तिला कळलं नव्हतं. आता बाबांना नुसतं सांगितलं असतं, तरी त्यांनी जेवण सोडलं असतं. निदान तिने स्वतःची समजूत तशी घातली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ती स्वतःलाच म्हणायची, हसायची, आणि कामाला लागायची. झाकली मूठ उघडायचा धीर काही व्हायचा नाही.

अशात एका संध्याकाळी पाऊस लागला. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये दोघं थांबली होती. त्याच्याकडे छत्री होती; तरी तो निघत नव्हता.

“छत्री आहे ना तुमच्याकडे?” ती म्हणाली.

“आहे. मोडलीय.”

“बघू?”

त्याने छत्री पाठीमागे लपवली. ती हसली. मग तोही हसला, आणि हसता हसताच गंभीर झाला. पावसाचे थेंब त्याच्या चष्म्यावर उडाले होते, ते त्याने पुसलेही नाहीत.

“डॉक्टर, मला बोलता येत नाही नीट. दिवसभर नसलेल्या माणसांत असतो मी. पण दुपार झाली की जिन्यावर तुमची पावलं वाजतात ना... तेव्हा मला वाटतं, आता खरं कुणीतरी येतंय. ती पावलं मला रोज ऐकायचीयत. संध्याकाळीसुद्धा. घरीसुद्धा.” त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. “एवढंच.”

तिला हो म्हणायचं होतं. अगदी जिवापासून म्हणायचं होतं. तिचाही त्याच्यावर जीव जडला होता, हे तिला डुगडुगत्या खुर्चीच्या दिवसापासून माहीत होतं. पण हो म्हणायचं ते कशाच्या जोरावर? याच्या हातात हात द्यायचा आणि त्या हातात काय ठेवायचं? पाठोपाठ आईची ती शेवटची खोली डोळ्यांपुढे आली. गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय हो म्हणता येत नव्हतं, आणि कळून घ्यायला पाय उचलत नव्हता.

“मला वेळ द्या,” ती म्हणाली.

“किती?”

“ते माहीत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने ती न मोडलेली छत्री तिच्या हातात दिली आणि स्वतः भिजत गेला.

नंतरही तो तसाच वागला. पुन्हा विचारलं नाही, रुसलाही नाही. चहा तसाच, खुर्ची तशीच. फक्त जिन्यावर पावलं वाजली की तो पूर्वी दाराकडे बघायचा, तो आता बघत नसे, आणि ते तिला फार लागे.

मग ती दुपार आली. न येणारे पेशंट तयार होऊन पहिल्यांदाच वाचायला आले होते. प्रत्येकाचं जन्मापासून आजवरचं आयुष्य सॉफ्टवेअरने चालवलं होतं. ती एकेक वाचत होती आणि वाचता वाचता थबकली.

“विधाते, ही मुलगी आईपेक्षा मोठी कशी?”

“काय?”

“हे बघा. ही शिवणकाम करणारी बाई, वय चौतीस. आणि ही तिची मुलगी, वय चाळीस.”

तो वाकून बघू लागला. बाई चौतिसाव्या वर्षी एकदा आली होती. छातीत गाठ, पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. आली नाही. मुलगी मात्र आपल्या दुखण्याखुपण्याला वेळोवेळी येत राहिली, मोठी होत राहिली, तिचं बाळंतपण झालं, केस पांढरे होऊ लागले. आई तिथेच होती, चौतीस वर्षांची.

त्याने कपाळावर हात मारला. “गाढव आहे मी! पेशंटचं घड्याळ मी भेटीला बांधलंय. भेट झाली की वय पुढे सरकतं, आजारही पुढे सरकतो. आधी सगळेच वेळेवर यायचे, म्हणून चूक कधी दिसलीच नाही. आता जो येत नाही, त्याचं सगळं जिथल्या तिथे थांबतंय. वय थांबलं, गाठ थांबली...” तो हसायला लागला. “मरणच नाही त्यांना! दवाखान्यात गेलंच नाही की माणूस अमर.”

तीही हसायला गेली. पण हसण्याच्या जागी भलतंच काही वर आलं आणि तिने ओठ घट्ट मिटले. इतके महिने तिने मनाशी जे धरलं होतं, ते नेमकं हेच होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ती डोळे मिटून बसली होती; आणि आपण गेलो नाही तोवर गाठही आपल्यासाठी थांबून राहील, असं मानत आली होती.

“दोन ओळींचं काम आहे, आत्ता करतो,” म्हणत त्याने कीबोर्ड ओढला.

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच. “नको ना... थोडा वेळ असू दे तिला तशीच.”

तिचा हात गार पडला होता. त्याने तो बाजूला केला नाही. तिच्याकडे बघून तो हळूच म्हणाला, “दारापर्यंत जाऊन भाजी घेऊन येणारी ती बाई कोण, हे मी पुन्हा विचारलंच नाही.”

तिने हात काढून घेतला.

“तुमची तारीख कधी होती, डॉक्टर?”

मग ती सगळं बोलली. आईचं, गाठीचं, चुकवलेल्या तारखांचं, पोर्चमधल्या त्या संध्याकाळचं. रडत बोलली, मध्येच थांबून बोलली. त्याने उपदेश केला नाही. ‘अहो, तुम्ही डॉक्टर असून’ हे वाक्य तर, ज्याची तिला सगळ्यात धास्ती होती, त्याच्या तोंडून आलंच नाही.

“दुरुस्त करा आता तिला,” शेवटी तिने डोळे पुसत सांगितलं.

“नक्की?”

“नक्की.”

त्याने दोन ओळी बदलल्या आणि पेशंट पुन्हा सुरुवातीपासून चालवले. शिवणकाम करणारी बाई पस्तीस वर्षांची झाली. छत्तीस. मग तिच्यापुढे एक तारीख आली, आणि त्या तारखेनंतर काही नव्हतं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती.

खाली अँब्युलन्स आल्याचा आवाज आला आणि थांबला.

“यांना मी पाहिजे तितक्यांदा पहिल्यापासून चालवतो,” तो म्हणाला. “तुम्हाला नाही चालवता येणार. तुम्ही एकच आहात. मला हो म्हणू नका हवं तर, कधीच म्हणू नका. पण उद्या चला. मी येतो सोबत.”

ती गेली. बसमध्ये खिडकीशी ती आणि शेजारी तो. हॉस्पिटलच्या दाराशी तिची पावलं थांबली, तेव्हा तोही थांबला. ओढलं नाही, ढकललं नाही. समोर भाजीवाली बसली होती. “येताना घेऊ,” तो म्हणाला. तिला त्याही स्थितीत हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात पाय उंबरठ्याच्या आत पडला.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “सोबत कोण?”

“मी,” तो म्हणाला.

“पेशंटशी नातं?”

त्याने काउंटरवरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. मागे रांग खोळंबली होती.

“इतर लिहू का?” बाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“इतर नको,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका तो शांत होता. “होणारा नवरा, असं लिहा.”

त्याचा चष्मा धुरकट झाला. तो काढावा की तसाच ठेवावा, हेही त्याला सुचेना.

“होणारा असं काही नाही इथे,” बाई आता मान वर करून दोघांकडे बघत होत्या. “नवरा लिहिते. चालेल ना हो?”

“चालेल,” तो कसाबसा म्हणाला. “म्हणजे... लिहा. नक्की लिहा.”

आतून हाक आली. सोबतच्या माणसांनी बाहेरच थांबायचं होतं. तिने कानातलं काढून त्याच्या हातात दिलं, घड्याळ दिलं, पिशवी दिली. दाराशी जाऊन ती वळली.

“थांबशील ना तू?”

इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. “इथेच आहे मी,” तो म्हणाला. “ही खुर्चीसुद्धा डुगडुगतेय.”

आतल्या डॉक्टर वयाने मोठ्या होत्या. त्यांनी तिचा केसपेपर वाचला, जुनी सोनोग्राफी उजेडात धरली, तारीख पाहिली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “डॉक्टर आहात ना तुम्ही? मग एवढा उशीर का केलात?”

पाहुणे, बस, काम, बाबा... दोघांनी मिळून गोळा केलेली सगळी कारणं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही. जे कारण ओपीडीत आजवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं, तेच तिने सांगितलं.

“भीती वाटत होती.”

“आणि आता?”

“आताही वाटतेय,” ती टेबलावर आडवी होत म्हणाली. “पण बाहेर माझं माणूस बसलंय.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि दिवा जवळ ओढला.